बास्केटबॉलचे वर्षफल

दिवाळी अंक घरात आला की मुखपृष्ठावर क्षणभर नजर टाकून वाचक आधी कोणते पान उघडतो, हे संपादकांना पक्के ठाऊक असते. वार्षिक राशिभविष्य म्हणूनच कधी वगळले जात नाही. मेषेला धनलाभ, कर्केला प्रवास, आणि ज्यांना साडेसाती आहे त्यांनी वाणीवर संयम ठेवावा. पुढच्या दिवाळीला जुना अंक माळ्यावरून काढून ताळा पाहणारा वाचक मात्र मला अजून भेटायचा आहे.

अमेरिकेत याच सुमारास असेच एक वर्षफल छापले जाते. त्यात राशी बारा नसून पंचवीस असतात, आणि त्या असतात कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांच्या. फरक इतकाच, की तिकडे एप्रिलात ताळा पाहिला जातो, आणि तोही सगळ्या देशादेखत.

'असोसिएटेड प्रेस' ही वृत्तसंस्था साठेक क्रीडापत्रकारांची मते घेऊन ही क्रमवारी लावते. हंगामातली क्रमवारी १९४९ पासूनची. पण एकही सामना झालेला नसताना आधीच नंबर लावून मोकळे होण्याचा उद्योग १९६१-६२ च्या हंगामापासूनचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेळ सुरू होतो आणि एप्रिलच्या आरंभी संपतो. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक कॉलेजे. त्यांतली निवडक मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला बोलावली जातात. १९८५ साली ही संख्या ६४ झाली, २०११ साली ६८. स्पर्धा बाद पद्धतीची. धंदेवाईक खेळाडूंच्या स्पर्धेत सात सामन्यांची मालिका असते, त्यामुळे एक दिवस वाईट गेला तरी सावरायला सवड मिळते. इथे चाळीस मिनिटांचा एकच पेपर, आणि फेरपरीक्षा नाही.

बास्केटबॉल आपल्याला परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुन्तसीरसारखा भारताचा कर्णधार घडवला. पण नागपाड्याचा खेळ हा मोहल्ल्याचा. अमेरिकेत तो कॉलेजचा असतो. गावेच्या गावे कॉलेजचा रंग अंगावर चढवून बसतात. म्हणून त्या पंचवीस नावांच्या यादीवर तिकडे जी भांडणे होतात, त्यांत पदवी घेऊन चाळीस वर्षे झालेले आजोबाही हिरिरीने उतरतात.

आता ताळा पाहू. १९८५ ते २०२५ या काळात एका वर्षी, म्हणजे २०२० साली, महामारीमुळे स्पर्धाच झाली नाही. उरलेल्या चाळीस स्पर्धांत हंगामापूर्वी पहिल्या क्रमांकावर बसवलेला संघ अखेरीस विजेता ठरला तो फक्त सहा वेळा: १९९० साली नेवाडा-लास व्हेगस, १९९२ साली ड्यूक, १९९६ साली केंटकी, २००४ साली कनेटिकट, २००७ साली फ्लोरिडा आणि २००९ साली नॉर्थ कॅरोलायना. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. चाळिसांत सहा! आमच्या गल्लीतले जोशीबुवा याहून बरे भविष्य सांगतात, पण त्यांना साठ पत्रकार लागत नाहीत.

या यादीची सर्वांत बहारीची फजिती झाली ती १९६५ साली. लॉस एंजलिसच्या यूसीएलए या संघाने १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपदे मिळवली होती. तेव्हा नव्या हंगामाच्या यादीत पहिला मान त्यांचाच. नोव्हेंबरच्या २७ तारखेला कॉलेजच्या नव्या क्रीडागृहाचे उद्घाटन होते, आणि त्या निमित्ताने मुख्य संघाचा सामना ठेवला कॉलेजच्याच पहिल्या वर्षाच्या पोरांशी. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. आधी वर्षभर अभ्यासात पाय रोवू द्यावा, असा तो नियम होता आणि १९७२ पर्यंत टिकला. त्या पोरांत लू अल्सिंडर नावाचा सात फुटांवर उंचीचा एक मुलगा होता. पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जग ज्याला ओळखू लागले, तोच हा. त्याने एकट्याने ३१ गुण केले आणि पोरांनी राष्ट्रविजेत्यांना ७५-६० असे धुतले. देशात पहिला असलेला संघ स्वतःच्या आवारात दुसरा ठरला! त्या वर्षी मुख्य संघाला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. १९६६ चे अजिंक्यपद टेक्सास वेस्टर्नने पटकावले. त्या संघाने अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवून केंटकीच्या गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवले, आणि त्या एका रात्रीने अमेरिकेतल्या कितीतरी बंद दारांना धक्का दिला. अल्सिंडर मात्र वर्षभर शिस्तीत थांबला. तो मुख्य संघात आला आणि १९६७ पासून यूसीएलएने सलग सात वर्षे कुणाला काही मिळू दिले नाही.

त्या संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन हे मुळात इंग्रजीचे मास्तर. परड्यू विद्यापीठातून इंग्रजी घेऊन पदवीधर झालेले, आणि हायस्कुलात ते शिकवलेले. भाषेच्या मास्तराने दहा अजिंक्यपदे मिळवावीत, याचे आम्हा भाषेच्या मास्तरांना किती समाधान वाटते ते इतरांना कळायचे नाही. परड्यूचे नाव मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यादी चुकते कुठे? माझ्या मते पहिली चूक घराण्यांची. ड्यूक, कॅन्सस, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना ही बास्केटबॉलमधली खानदानी नावे. कॅन्ससला तर खुद्द या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ प्रशिक्षक होते. (गंमत अशी, की त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या प्रशिक्षकांत विजयांहून पराभव जास्त असलेले ते एकटेच. कायदा लिहिणारा वकिलीत यशस्वी होतोच असे नाही.) उत्तम गवयाचा मुलगा बैठकीला बसला की त्याने सूर लावण्याआधीच श्रोते माना डोलवू लागतात, तसे या नावांपुढे पत्रकारांचे होते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी कॅन्ससला पहिला नंबर दिला. कॅन्सस हंगामात १३ सामने हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात आर्कन्सासकडून ७९-७२ असे पराभूत होऊन घरी गेले.

मग घराणे न पाहता अनुभव पाहावा काय? नॉर्थ कॅरोलायनाने २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांची आघाडी घेतली होती, तरी ते ७२-६९ असे हरले. सुरुवातीच्या पाचांतले चौघे पुढच्या वर्षी परतले. जखम ताजी, मुले मुरलेली. पहिला क्रमांक द्यायला याहून चांगले कारण ते कोणते? पण १९८५ नंतर पहिल्या क्रमांकावरून निघून स्पर्धेचे आमंत्रणही न मिळालेला पहिला संघ तोच ठरला.

येथवरच्या चुका खेळाच्या अनिश्चिततेत जमा करता येतील. अलीकडची अडचण वेगळ्या जातीची आहे. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला सामान्यतः एक वर्ष नुसते बसून काढावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलले तरी चालेल असे झाले. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने एक तडजोड मान्य केली आणि कॉलेजेच खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा दर कॉलेजला, सर्व खेळ मिळून, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती. आता हंगाम संपताच शेकडो मुले बदलीच्या नोंदवहीत नावे घालतात आणि उन्हाळ्यात नवे संघ उभे राहतात. ऑक्टोबरात पत्रकार ज्या नावाला नंबर देतात, त्या नावाखालची पाच मुले जूनपर्यंत एकमेकांना ओळखतही नसतात. पाटी जुनी, दुकान नवे.

यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्या रडण्यात सूर मिळवता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी २०१६ साली ८ वर्षांचा वाढीव करार झाला, तो ८८० कोटी डॉलरचा होता. प्रशिक्षक तर कधीही एक कॉलेज सोडून दुसरे धरत आलेले आहेत; कॅन्ससला घरी पाठवणाऱ्या आर्कन्सासचे प्रशिक्षक जॉन कालिपारी आदल्या वर्षापर्यंत पंधरा हंगाम केंटकीत होते. सगळ्यांनी जेवून उठावे आणि ज्यांच्या घामावर पंगत बसली त्या मुलांनी निष्ठेचे पाणी पिऊन राहावे, हा न्याय नव्हे.

शिवाय गोळा केलेल्या मुलांचा संघ होत नाही, असे म्हणायचीही सोय राहिलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात एकविसाव्या जागी असलेल्या फ्लोरिडाने २०२५ चे अजिंक्यपद मिळवले. त्यांचा मोहरा वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. अंतिम सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध १२ गुणांनी मागे असलेली ही मुले ६५-६३ अशी जिंकली. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा खेळाडू चेंडू फेकायला उडाला तो क्लेटन अंगावर धावून आला. हवेतच बेत बदलून त्याने चेंडू हातातून सोडला आणि वेळ संपली. जिंकवणारा चेंडू कडीकडे फेकलाच गेला नाही.

तरीही मुलांनी एका जागी राहण्यात काही असते, असे मला वाटते, आणि ते वर्गात उभे राहून पाहिलेले असल्यामुळे वाटते. पहिल्या वर्षी हजेरीलाही मान वर न करणारा मुलगा तिसऱ्या वर्षी हुज्जत घालू लागतो. मधल्या काळात काय घडले ते कुठल्याच गुणपत्रिकेत उमटत नाही.

पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत गटातल्या पहिल्या मानांकनाने सोळाव्या मानांकनाकडून हरणे, ही गोष्ट २०२५ पर्यंत दोनदाच घडली. पहिल्यांदा २०१८ साली व्हर्जिनियाच्या वाट्याला ती आली: मेरिलंड-बाल्टिमोर काउंटी या कॉलेजकडून ७४-५४. पुढच्या वर्षी बहुतेक तीच मुले परत आली. उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना दोन गुणांनी मागे असलेल्या व्हर्जिनियाच्या काइल गायने तिन्ही फ्री थ्रो कडीत टाकले आणि संघ ६३-६२ असा जिंकला. अंतिम सामना जादा वेळेत घेऊन त्यांनी अजिंक्यपदही मिळवले. त्यांचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगामाला तीन आठवडेही उरले नसताना, हे नवे युग आपल्या स्वभावाचे नाही असे सांगून काम सोडले.

दुसऱ्यांदा ही नामुष्की आली ती परड्यूवर, २०२३ साली. समोर फेअरली डिकिन्सन हा पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका संघ; परड्यूच्या मध्यभागी सात फूट चार इंचांचा झॅक इडी. बुटके ६३-५८ असे जिंकले. त्या रात्री मैदानावर परड्यूची पहिल्या वर्षाची दोन पोरे होती, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर. देशभर टिंगल झाली. दारे उघडी होती, दुसरीकडे पैसेही मिळाले असते. दोघे राहिले. इडीही धंदेवाईक खेळाकडे न जाता आणखी एका वर्षासाठी परतला, आणि २०२४ साली हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तेथे इडीने ३७ गुण केले, तरी कनेटिकटने त्यांना ७५-६० असे हरवले. इडी गेला, दोघे तेथेच राहिले. ते आणि त्यांच्याही आधी आलेला ट्रे कॉफमन-रेन हे तिघे शेवटच्या वर्षात असताना, २०२५ च्या ऑक्टोबरात, जॉन वुडन यांच्या या जुन्या कॉलेजला हंगामापूर्वीच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला. कॉलेजच्या इतिहासात प्रथमच. साठ पत्रकारांनी त्या वेळी घराणे पाहिले नाही की नवी खरेदी पाहिली नाही. चार वर्षे एका जागी राहिलेली मुले पाहिली.

तेव्हा ही यादी हाती आली तर मी कशी वाचतो ते सांगतो. आधी पहिली पाच नावे सोडून देतो. मग विसाव्या नावाखाली उतरतो, आणि त्याच्याही खाली, जिथे पंचविसात न बसलेल्यांची बारीक अक्षरांत दाटी असते तिथे थांबतो. २००३ चे सिरॅक्यूज, २००६ चे फ्लोरिडा आणि २०११ चे कनेटिकट हे तिन्ही विजेते हंगामाच्या आरंभी यादीबाहेर होते. आणि मग एकेका संघाचे दोन गार्ड शोधतो, म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी, खेळाची सूत्रे हलवणारी जोडी. ती जोडी कालच भरतीला आली, की तीन वर्षे एका खानावळीत जेवते आहे? हा प्रश्न मी साठांपैकी एकाही पत्रकाराला विचारलेला नाही. पण मार्चमध्ये, भारतातल्या भल्या पहाटे, दोन गुणांनी मागे असलेल्या संघाकडे चेंडू आला आणि वीस सेकंद उरले, की माझी नजर त्या दोघांवरच असते.