पुण्याची टीम दिल्लीला कशी पोहोचली?

आयएसएल फुटबॉलमध्ये गुजरातला आजवर एकही टीम मिळालेली नाही. त्यामुळे सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळच्या वाटाव्यात अशा टीम दोनच होत्या, मुंबई आणि पुणे. ज्यांनी २०१४ साली पुणे निवडलं, त्यांची मात्र पंचाईत झाली.

एफसी पुणे सिटी बालेवाडीच्या मैदानावर खेळायची. हृतिक रोशन तिचा एक मालक. २०१७-१८ च्या हंगामात ती पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचली आणि बंगळुरूकडून हरली. पुढे मालकांची आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधली तिची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मार्सेलिन्योसारखे खेळाडूही तिकडेच गेले. नाव गेलं, नारंगी रंग गेला. कागदोपत्री तर तो नवाच क्लब!

मार्च २०२२ मध्ये हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर विजेतेपद मिळवलं. साहिल तावोराने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीने केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या. दोघेही गोव्याचे. पण या विजयावर पुणेकरांनी हक्क सांगायचा तरी कसा?

गोष्ट इथेच थांबली नाही. २०२५ मध्ये हैदराबादची टीम दिल्लीला हलली आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. गंमत म्हणजे दिल्लीची आधीची टीम, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली होती.

अमेरिकेतही टीम अशा हलतात. सिएटलची सुपरसॉनिक्स ही बास्केटबॉल टीम ४१ हंगाम तिथे खेळली, १९७९ मध्ये एनबीए जिंकली, आणि २००८ मध्ये मालकाने ती ओक्लाहोमा सिटीला नेली. पण सिएटल महापालिका कोर्टात गेली होती. तडजोडीत टीमचं नाव आणि रंग सिएटलसाठी राखून ठेवले गेले. उद्या तिथे नवी टीम आली, तर ती सुपरसॉनिक्स म्हणूनच खेळू शकेल.

पुण्यासाठी असं कुणी भांडलं नाही. आपली घरंही खानदेशातून, कोकणातून इथे आली, पण आडनाव, कुलदैवत आणि मसाल्याचा डबा बरोबर घेऊन. टीम हलवताना मालक फक्त लीगमधली जागा नेतो. माझ्या मते शहराचं नाव लावून तिकिटं विकणाऱ्यांकडून लीगने एवढं तरी लिहून घ्यावं, की गेलात तर नाव आणि रंग इथेच ठेवून जा.

मग आता पाठिंबा कुणाला द्यायचा? जुना पत्ता पुण्याचा होता म्हणून दिल्लीला द्यायचं मला काही कारण दिसत नाही. फुटबॉलच हवा असेल तर मुंबई आहेच. पुणेच हवं असेल तर कबड्डी बघा. पुणेरी पलटण २०१४ पासून आपलं नाव राखून आहे, २०२४ मध्ये पहिल्यांदा चॅम्पियनही झाली, आणि जर्सी नारंगीच आहे.