उसण, त्रिकास्थी आणि धानाची बांधी

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाला, बोलावून कमरेला हलकी लाथ मारून घ्यावी, ही महाराष्ट्रातील जुनी समजूत. तिला हसणे सोपे आहे. परंतु हाताच्या स्पर्शाने दुखणे ओळखावे आणि हातानेच ते घालवावे, हा ध्यास पाश्चात्त्य वैद्यकातही जुनाच. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडलेली ऑस्टिओपॅथी त्यातूनच जन्मली.

विसाव्या शतकाच्या मध्यास याच परंपरेतील फ्रेड मिचेल यांनी ‘मसल एनर्जी’ तंत्र विकसित केले. त्यांचे विशेष लक्ष होते त्रिकास्थीवर. माकडहाडाच्या वर, दोन्ही कटिअस्थींमध्ये पाचरीसारखे बसलेले हे त्रिकोणी हाड. रुग्ण बसून पुढे वाकतो आणि उपचारक कमरेच्या दोन खळ्यांवर अंगठे ठेवून कोणती बाजू अधिक वर सरकते ते पाहतो. मग ठरावीक स्थितीत निजलेल्या रुग्णाने उपचारकाच्या हाताविरुद्ध काही सेकंद बेताचा जोर लावायचा. स्नायू सैल पडला की सांधा किंचित पुढे न्यायचा. यात यंत्र नाही, झटका नाही, आणि बळ रुग्णाचेच. पायाळूच्या लाथेहून हे निश्चितच सभ्य!

लंगडी बाजू निदानाची. हा सांधा जेमतेम दोन-तीन अंश हलतो. एकच कंबर तपासणाऱ्या दोघा तज्ज्ञांचे अनेकदा एकमत होत नाही. आराम पडला, एवढ्यावरून हाड तिरके होते असे सिद्ध होत नाही.

गडचिरोलीत ही शंका केवळ तात्त्विक राहत नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बाई पावसाळ्यात चिखलाच्या बांधीत दिवसदिवस वाकून रोवणी करते, उन्हाळ्यात मोहफुले वेचते, तेंदूपाने तोडते. तिची कंबर दुखणारच, असे सारे गृहीत धरतात. मात्र डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी येथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. ओटीपोटातील जंतुसंसर्गानेही कंबर दुखते. सिकलसेलने हाडे ठणकतात. तो आजारही या पट्ट्यात आहे. अशा कमरेत नुसते तिरके हाड शोधणारा कुशल हात पायाळूच्या लाथेइतकाच आंधळा ठरू शकतो.

पुढे डॉ. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने पाठ-कंबरदुखीकडेही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले. त्याला इतका उशीर का लागला? हे दुखणे जीव घेत नाही, म्हणून ते मृत्यूच्या नोंदवहीत येत नाही. आणि इतिहासकारही बहुधा तीच वही उघडतात. चांद्याच्या इतिहासात १८५८ साली फाशी गेलेले बाबुराव शेडमाके आहेत, जंगलाचे कायदे आहेत. वाकून झिजलेल्या कमरा नाहीत.

मसल एनर्जी शिकलेल्या फिजिओथेरपिस्टने या भागात अवश्य यावे. फक्त खळ्यांवर अंगठे ठेवण्यापूर्वी विचारावे: रोवणी किती दिवस केली, ताप येतो का, अंगावरून पांढरे जाते का, आणि उद्या मजुरीला जाणे टाळता येईल का.