जंतुनाशाच्या पलीकडचे आरोग्यधोरण

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगचे थैमान सुरू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली. त्याच वर्षी साथरोग कायदाही अस्तित्वात आला. तेव्हापासून आपले आरोग्यधोरण सूक्ष्मजीवांकडे प्रामुख्याने शत्रू म्हणून पाहत आले. त्या दृष्टीने असंख्य प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. परंतु ती आता अपुरी ठरते आहे.

आपल्या आतड्यांत वस्तीला असलेले बहुसंख्य जिवाणू निरुपद्रवी, किंबहुना उपकारक असतात. ते अन्नातील तंतूंचे विघटन करतात, काही जीवनसत्त्वे निर्माण करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. प्रतिजैविके मात्र आप-पर भाव जाणत नाहीत. त्यांच्या वापराने हा समतोल ढळला, की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखे जंतू फोफावून तीव्र अतिसार उद्भवू शकतो. विषाणूजन्य सर्दीवर घेतलेली प्रतिजैविके तर उपयोग शून्य आणि हानी तेवढी पदरात टाकतात.

याची दुसरी बाजू ओडिशाच्या ग्रामीण भागात दिसली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेचार हजारांहून अधिक नवजात अर्भकांपैकी निम्म्यांना सात दिवस एक उपकारक जिवाणू व त्याला पोषक शर्करा देण्यात आली. जंतुसंसर्ग वा मृत्यूचे प्रमाण इतर अर्भकांत ९ टक्के होते, ते या अर्भकांत ५.४ टक्क्यांवर आले. ही चाचणी एका विशिष्ट जिवाणूची आणि निरोगी, स्तनपान घेणाऱ्या अर्भकांची होती. बाजारातील प्रत्येक ‘प्रोबायोटिक’ला ते प्रमाणपत्र नव्हे. तरीही, रक्षण हेदेखील धोरणाचे साधन होऊ शकते, हे तिने दाखवले.

नियमांची आपल्याकडे वानवा नाही. २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली. अडचण अंमलबजावणीची आहे. आराखडा केंद्राचा, पण दुकाने तपासणारे निरीक्षक राज्यांचे. २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा आखणाऱ्या केरळचा मार्ग इतर राज्यांनीही अनुसरावा, त्यासाठी निधी व मनुष्यबळ द्यावे आणि ओडिशातील प्रयोगाची अन्य राज्यांत सार्वजनिक निधीतून पडताळणी व्हावी. शत्रूचा नायनाट करताना स्वतःची प्रजा उद्ध्वस्त करणाऱ्या राज्याला इतिहास विजयी म्हणत नाही.