लोणारचा रंग आणि प्रकाश जाणणारे जीव

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला होता. मंगरूळपीरहून वाशीम-रिसोड मार्गे जाऊन आपल्यापैकी पुष्कळांनी ते सरोवर पाहिले असेल. एरवी त्याचे पाणी हिरवट असते. हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली व उलगडा झाला. पाऊस कमी, उष्मा अधिक. पाणी आटून क्षार वाढला आणि ‘हॅलोआर्किया’ नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. गुलाबी रंग त्यांचा. नमुना स्थिर ठेवताच ते तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

वृत्तपत्रांतील चर्चा तेथे थांबली. माझ्या मते खरे नवल त्यापुढे आहे.

या कुळाला जुन्या पुस्तकांत जीवाणूच म्हणत. आता त्याचा वर्ग निराळा मानतात. यातील अनेक जीव हरितद्रव्यावाचून प्रकाश वापरतात. त्यांच्या आवरणातील एक जांभळे प्रथिन प्रकाशकण पडताच विद्युतभारित हायड्रोजन बाहेर ढकलते, आणि तो परत आत येताना पेशीला ऊर्जा मिळते. दुसरे एक प्रथिन केवळ पहारेकऱ्याचे काम करते. निळा प्रकाश दिसला की ते पेशीला तेथून दूर पोहावयास लावते. प्रखर उन्हात हे शहाणपणाचेच म्हणावे.

या प्रथिनांची रचना पाहायची तर आधी त्यांचे स्फटिक हवेत. साखरेच्या पाकात दोरा सोडून संथपणे खडीसाखर जमवतात, हे आपणांस नवे नाही. परंतु आवरणातील प्रथिने स्निग्ध पदार्थात रुतलेली असतात; पाण्यात आणली की विस्कटतात. त्यांचे चांगले स्फटिक मिळवण्यात वर्षानुवर्षे गेली. १९९६ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे लांडाउ व रोझेनबुश यांनी युक्ती काढली. प्रथिनास पाण्यात न आणता स्निग्ध पदार्थाच्या घट्ट, पारदर्शक लगद्यातच स्फटिक वाढू दिले. जांभळ्या प्रथिनाची रचना त्यातून स्पष्ट झाली. पुढे २००१ साली त्या पहारेकरी प्रथिनाचीही झाली, आणि तो जीव होता इजिप्तमधील लोणारसारख्याच खाऱ्या, अल्कधर्मी तळ्यांतला.

क्ष-किरणांनी दाखविले ते असे: सात पिळदार दांड्यांचा जुडगा आणि त्याच्या मध्यभागी ‘रेटिनल’चा एक रेणू. हे रेटिनल म्हणजे अ जीवनसत्त्वाचेच रूप. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावरील प्रथिनातही सात दांड्या आणि मध्ये रेटिनलच असते. गाजर खाण्याचा आग्रह करणाऱ्या आजीबाईंना हे ठाऊक नव्हते, इतकेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. मात्र सरोवरात धारेचे गोडे पाणी बारमाही उतरते. हॅलोआर्किया कुळातील कित्येक जीव गोड्या पाण्यात फुटून नष्ट होतात. तेव्हा सुशोभीकरणाच्या योजना आखताना सांडपाणी आत जाऊ न देणे पुरेसे नाही. सरोवराचा खारेपणा किती राहतो याचीही नोंद दरवर्षी ठेवावी लागेल.