शांत रस्ता कुणाचा?

बंगळूरमधले माझे सायकलवाले मित्र फ्रान्सची स्वप्नं पाहतात. खेड्यांना जोडणारे अरुंद रस्ते, कालव्याकाठच्या वाटा, क्वचितच येणारी मोटार. पण ही शांतता आपोआप आलेली नाही, ती राखलेली आहे. लांब पल्ल्याची वाहतूक महामार्गांवर जाते, लहान रस्त्यांची निगा जिल्हा प्रशासन ठेवतं आणि गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर राखण्याचं कायद्यानं बंधन आहे.

इथे काय आहे? २०२० साली आउटर रिंग रोडवर सायकलींसाठी मार्गिका आखली. तिचे खांब मोडले आणि वाहनं आत शिरली. १ ऑगस्ट २०२३ पासून बंगळूर–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर सायकलींनाच नव्हे, मोटारसायकलींनाही बंदी आहे. अशा वेगाच्या रस्त्यावर ती मलाही पटते. पण मग सायकलीनं जायचं ते कुठून, याचं उत्तर कुणी द्यायचं?

माझे मित्र ते मागत नाहीत. रविवारी पहाटे सायकल मोटारीवर लादून ते नंदी टेकड्यांकडे निघतात आणि सापडलेल्या आडवाटा गुपितासारख्या जपतात. त्याच वाटांवरून दूध घालणारे आणि शेतमजूर रोज सायकल मारतात, हौस म्हणून नव्हे. शांत रस्ता मागायचा तर त्यांच्या बरोबरीनं आणि उघडपणे मागायला हवा. लपवून ठेवलेल्या रस्त्याचं उद्या रुंदीकरण निघालं, की त्याच्या बाजूनं बोलायला कुणीच नसतं.