एक खोली, आठवड्यातून दोन दिवस

चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, मोशी आणि भोसरी या पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा भाडेकरूच्या खोलीत दोन वर्षांच्या आतलं एखादं बाळ मान धरत नसेल, बसत नसेल, एकच हात वापरत असेल, तर त्याला याच आठवड्यात तपासायला न्या. आणि तुमच्या गावात तळमजल्यावर एखादी खोली रिकामी असेल, तर ती या मुलांच्या फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोन दिवस उघडून द्या.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं कामगारांची. वडील लाइनवर नाहीतर एखाद्या वेंडरच्या शेडमध्ये, आई घरी किंवा पॅकिंगला. गाव लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, नाहीतर थेट बिहार. हकिगत विचारली की बरीचशी सारखीच निघते. सातव्या महिन्यात बाळंतपण झालं. जन्मल्यावर बाळ रडलंच नाही. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. कावीळ डोक्यात गेली म्हणाले. मग बाळ वाचलं, देवाच्या दयेनं घरी आलं, आणि आईला माहेरी धाडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलोअप’ असा शिक्का असतो, पण गावी कोण फॉलोअप करणार? परत येईपर्यंत बाळ वर्षाचं झालेलं असतं.

अशा एका आईनं मला सांगितलं की बाळाचा तळहात धुवायला दोन माणसं लागतात. मी मूठ बघितली. अंगठा आत दाबलेला, त्यावर चारही बोटं घट्ट मिटलेली, फटीत गोधडीचे धागे आणि वाळलेलं दूध. लंगोट बदलताना पाय फाकत नव्हते, एकमेकांवर कात्रीसारखे चढत होते. बाळ चौदा महिन्यांचं होतं. हे सगळं आईच्या चौथ्याच महिन्यात लक्षात आलं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, लस टोचणाऱ्या सिस्टरला सांगितलं. उत्तर एकच मिळालं, “थांब जरा, काही मुलं उशिराच चालतात. याचे वडीलसुद्धा दोन वर्षांचे होईस्तोवर चालले नव्हते.”

त्या आईनं दहा महिने वाट पाहिली, कारण भोवतालच्या प्रत्येकानं तिला वाट पाहायला सांगितलं. म्हणून ही विनंती आईला कमी आणि तिच्या भोवतालच्या माणसांना जास्त आहे.

अशा मुठीची बोटं ओढून उघडायची नसतात. ओढली की ती आणखी आवळतात. गोधडीची घट्ट वळकटी करून बाळाच्या छातीखाली द्यायची, खांदा हलकेच पुढे आणायचा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भार जमिनीवर येऊ द्यायचा. मग एका बाजूला स्टीलची वाटी चमच्यानं वाजवायची आणि थांबायचं. बाळाला आवाजाकडे वळायला वेळ लागतो; तो द्यावाच लागतो. भार हातावर टिकला की एकेक बोट सुटायला लागतं. त्या दिवशी करंगळी आधी सुटली, अंगठा बऱ्याच वेळानं. हे आईला शिकवायचं, तिच्या हातून करून घ्यायचं आणि दूध पाजताना, अंघोळ घालताना, खेळवताना दिवसातून पाच-सहा वेळा करायला सांगायचं. माझ्याकडचा पाऊण तास फक्त शिकवणीचा असतो. खरा उपचार घरात होतो, आणि म्हणूनच दर आठवड्याला कुणीतरी बाळ पाहून पुढचं शिकवणं गरजेचं असतं. बाळ बदलतं तसा व्यायाम बदलावा लागतो.

इतकी घाई का, ते सांगते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या 657 मुलांची वाढ संशोधकांनी वर्षानुवर्षं मोजली आणि निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध केले. बसणं, उभं राहणं, चालणं यांत अशा मुलाची जी काही मजल जाणार असते, तिचा सुमारे 90 टक्के भाग ते वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत गाठतं. ज्यांचा त्रास जास्त, ती मुलं तर पावणेतीन वर्षांच्या आसपासच तिथं पोचतात. पाच वर्षांनंतर काहीच होत नाही असा याचा अर्थ नाही. पुढेही हात चालवायला, स्वतः जेवायला, चाकाची खुर्ची नीट वापरायला मुलं शिकतात. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदू ज्या वेगानं नवे मार्ग धरतो, तो वेग पुन्हा मिळत नाही. आज अनुभवी डॉक्टरला सहा महिन्यांच्या आत, बाळाच्या हालचाली पाहून आणि तपासून, सेरेब्रल पाल्सीचा धोका ओळखता येतो. चौदा महिन्यांपर्यंत थांबायचं काही कारण उरलेलं नाही.

काय बघायचं, ते साधं आहे. चार महिन्यांचं बाळ मान सावरत नसेल. मूठ सतत मिटलेली असेल. नवव्या महिन्यानंतरही आधाराशिवाय बसत नसेल. वर्षाच्या आतच डावरं किंवा उजवं झालं असेल. घरात याचं कौतुक होतं, पण एवढ्या लहान बाळानं एकच हात वापरणं म्हणजे दुसरा हात अशक्त असण्याची शक्यता. अंग लाकडासारखं ताठ किंवा अगदी लुळं असेल. दीड वर्ष उलटून गेलं तरी चालत नसेल. बाळ लवकर जन्मलं असेल तर जेवढं लवकर, तेवढे आठवडे वयातून वजा करून मोजा. आणि आईला काहीतरी वेगळं वाटत असेल, तर तेवढंच कारण पुरेसं आहे.

आता अडचणीकडे येते. मुलं थेरपी सोडतात ती आळसानं नाही. दहा किलोचं ताठ बाळ काखेत घेऊन बाई महाळुंग्याहून पिंपरीला निघते. टमटमनं तळेगाव चौक, तिथल्या कोंडीत अर्धा तास, मग भोसरीची बस, पुढे रिक्षा. चाकण ते पिंपरी अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, पण जायला-यायला अर्धा दिवस मोडतो. मेट्रो संत तुकाराम नगरला थांबते, चाकणला येत नाही. नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्यानं सोबत यायचं तर खाडा पडतो, आणि कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, शिवाय ठेकेदाराची नाराजी. चार वेळा येतात. पाचव्या वेळी येत नाहीत. पुढे कामातून ब्रेक मिळतो, खोली बदलते, मोबाइल नंबरही बदलतो.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या मुलांचं तर हळहळ वाटावी असं होतं. या आजाराला क्लबफूट म्हणतात आणि पोन्सेटी पद्धतीनं तो मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय बरा होतो. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, बहुतेकांना टाचेजवळची शीर सोडवायची छोटी प्रक्रिया लागते, आणि नंतर पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळपास दिवसभर, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. पाऊल सरळ दिसू लागलं की घरच्यांना वाटतं झालं काम. दिवाळीला गावी जाताना बूट खोलीत राहतात, पाहुण्यांत बाळ रडतं म्हणून काढून ठेवतात, आणि पाऊल पुन्हा आत वळतं. सणाला जरूर जा, पण बूट पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

माझं ठाम मत आहे की या पट्ट्यातल्या मुलांना पिंपरीपर्यंत ओढत आणण्याचा मार्ग चुकला. थेरपी त्यांच्या गावात गेली पाहिजे. त्यासाठी मोठी इमारत, बोर्ड, उद्घाटन काही नको. तळमजल्यावर दहा बाय बाराची एक खोली, उजेड, पंखा, हात धुवायला पाणी, दोन जाड सतरंज्या. समाजमंदिर चालेल, शाळेचा रिकामा वर्ग चालेल, मंदिराचा सभामंडप दुपारी मोकळा असतो, तोही चालेल. आठवड्यातून दोन दिवस, त्यातला एक रविवार, म्हणजे सुट्टी असलेल्या वडिलांनाही येता येईल. वडील शिकले की आईचा भार निम्मा होतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न सरपंचांनी विचारू नये. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. कारखान्यांच्या करामुळे या पट्ट्यातल्या ग्रामपंचायती राज्यातल्या कित्येक गावांपेक्षा सधन आहेत. तो निधी अनेक ठिकाणी वर्षातून एकदा धनादेश वाटून संपतो. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून यातून खोलीची सोय आणि थेरपिस्टचं मानधन मागा. कंपन्यांनाही सांगणं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामासाठी द्यावे लागतात. ते देताना आपल्याच गेटसमोरच्या चाळीतल्या, आपल्याच कंत्राटी कामगाराच्या मुलाकडे आधी बघा. आणि ज्याचं मूल थेरपीला जातं, त्या कामगाराला ठरलेल्या दिवशी ठरलेली शिफ्ट द्या. एवढं तर सुपरवायझरच्या पातळीवरही होऊ शकतं, त्यासाठी मुख्यालयाची परवानगी लागू नये.

भोसरीच्या शेडवाल्यांकडे माझं वेगळं मागणं आहे. बाळाला नीट बसवायला कोपऱ्याची खुर्ची लागते, उभं करायला स्टँडिंग फ्रेम लागते, चालायच्या सरावाला दोन समांतर दांड्या लागतात. विकत घ्यायला गेलं तर हे सगळं महाग असतं, आणि मूल वाढलं की लहान पडतं. प्लाय, फोम, पाइप, वेल्डिंग यांत तुमचा हात बसलेला आहे. मापं आम्ही देऊ. पाठीची उंची, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर. कडा गोल घासून द्या आणि सुटा पत्रा कुठे राहू देऊ नका, बाकी रंगरंगोटी नको. मूल उभं राहू लागलं की कंबरेच्या खुब्यावर भार येतो, आणि या मुलांसाठी ते फार मोलाचं असतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. सुरुवातीला तो दुखतही नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला खुब्याचा एक्स-रे चुकवायचा नसतो.

आज्यांना हात जोडून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तेल लावून हलकी मालिश करा, बाळाला ती आवडते, पण मालिशीनं बाळ बसायला शिकत नाही, आणि पाय धरून उलटं टांगणं, सांधे कडकड मोडणं आजपासून बंद करा. दुसरं, चाकाचा वॉकर घरात आणू नका. त्यात ताठ पायाचं बाळ चवड्यांवर लटकतं, नको ती सवय लागते, आणि पडून डोक्याला मार लागण्याची भीती वेगळीच. कॅनडानं 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

वडिलांनो, स्टेम सेलच्या जाहिराती पाहून गावची जमीन विकू नका. सेरेब्रल पाल्सीसाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यताप्राप्त संशोधन चाचणीबाहेर पैसे घेऊन तो देणं गैर आहे. थेरपिस्ट निवडतानाही महाराष्ट्राच्या परिषदेकडची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

कुठे जायचं? अंगणवाडीताई आणि आशाताईंना आधी सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाड्यांत येतं, वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतं आणि गरज असलेल्या बाळाला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र उपचार केंद्रात पाठवतं. आपलं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. पिंपरीत संत तुकाराम नगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, मोरवाडीत दिव्यांग भवन आहे. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसीचं कार्ड असेल, तर चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. निदान आणि प्रमाणपत्र झालं की नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत नाव घाला. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांना त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमाकवच मिळतं, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो.

आपल्याच पुण्यात, केईएम रुग्णालयात, 1987 ते 1989 दरम्यान जन्मलेल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. सुरुवातीला घरोघरी फोन नव्हते, लोक घरं बदलत होते, तरी त्यांनी यातली बहुतेक मुलं हातची जाऊ दिली नाहीत. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. काचेच्या पेटीतून घरी गेलेलं प्रत्येक बाळ निदान दोन वर्षं कुणाच्या तरी नजरेत राहील, एवढं या पट्ट्यातल्या प्रसूतिगृहांनी ठरवावं. परत न आलेल्या आईला एक फोन करा.

थेरपीला पहिल्या वेळी येताना डिस्चार्ज कार्ड आणि असतील ते सगळे कागद आणा, फाटके असले तरी. बाळाला निघण्याआधी नाही, तर पोचायच्या तासभर आधी पाजा, कारण भरल्या पोटी पालथं घातलं की उलटी होते आणि उपाशी असलं की रडण्यातच वेळ जातो. त्या दिवशी तेल लावू नका, हात घसरतात. आणि घरात बाळाला दिवसभर जी व्यक्ती सांभाळते, आजी असो, मावशी असो की शेजारीण, तिला सोबत आणा. व्यायाम तिला शिकवायचा आहे.