कच्चा कोण निघाला?



आमच्याच लाइनीतला एक पोरगा गेल्या पावसाळ्यात घरात बसला. बसला म्हणजे बसलाच. बी.ए. झालेला, हातात पडेल ते वाचणारा, अभ्यासवर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा. एका हापिसात कंत्राटी कामाला लागला. तिथं आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग डबा खाताना आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. शेवटी काम गेलं. पोरगा वर्गाला यायचा थांबला. फोन उचलेना. आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, 'कच्चा निघाला.' आणि मोर्चाच्या पत्रकाचं प्रूफ तपासायला घेतलं.

चार महिन्यांनी त्याची आई आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुमी माईकवर लई बोलता बाबांनो. पन माज्या पोराला चार म्हैन्यांत एकानं तरी दारावर येऊन हाक मारली का?"

आम्ही सगळे खाली बघत बसलो. हा अंक त्या बाईला उत्तर द्यायच्या लायकीचा नाही. तरी तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण 'कच्चा' हा शब्द आमच्या तोंडात आला कुठून, ते एकदा बघायला हवं.

मराठी साहित्यात एकटेपणाला फार मान आहे. १९६३ साली 'कोसला' आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो, कशातच अर्थ वाटेनासा होतो आणि सांगवीला परत येतो. नेमाड्यांनी ते खरं लिहिलंय. बहीण मनी मरते तेव्हा त्याचं दुःख खोटं नाही, आम्हालाही ते लागलं. समीक्षकांनी मग त्या एकटेपणावर ढीगभर लिहिलं, कामू-काफ्का आणले, अस्तित्ववाद आणला. आणू द्या. पण एक गोष्ट त्यांना दिसली नाही. सांगवीकर हरला तरी त्याला परत जायला सांगवी आहे. घर आहे, शेत आहे, शिव्या घालणारा का होईना पण जेवू घालणारा बाप आहे. त्याचा दुबळेपणा गावाला परवडतो.

त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. त्यातला पोरगा रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो. डोकं टेकायला खोली पाहिजे म्हणून जात लपवतो. लोक मान देतात, जेवायला बोलावतात, कवी म्हणून कौतुक करतात. आणि तो आतून एकटा पडत जातो, कारण तो मान त्याचा नाही, त्यानं पांघरलेल्या माणसाचा आहे. उघडकीला आल्यावर मार पडतो. सोडवायला धावतो तो काशिनाथ, ज्यानं जात कधी लपवली नाही. या पोराच्या एकटेपणाला कुणी अस्तित्ववाद म्हणालं नाही. त्याला परतायला सांगवी नाही. असलाच तर महारवाडा, आणि त्यातून तर तो निघालाय.

पुढं १९७८ साली दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकच माणूस, पण दोन तुकड्यांत. एक कावाखान्यातला, एक हापिसातला. पांढरपेशांच्या साहित्यात माणूस समाजापासून तुटतो, त्याला ते परात्मता म्हणतात. आमचा माणूस स्वतःच्या आडनावापासून तुटतो, त्याला म्हणतात न्यूनगंड. म्हणजे त्यांचं ते तत्त्वज्ञान आणि आमचा तो आजार!

आता कुणी म्हणेल, कमजोर माणसांची वकिली कशाला? बाबासाहेबांसारखं खंबीर व्हा. जरूर व्हा. पण बाबासाहेब नीट वाचून व्हा. १९१७ साली न्यूयॉर्क-लंडन शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर गेला. शहरात खोली मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी सराईत राहावं लागलं. वरच्या मजल्यावर अंधारा हॉल, अडगळ, वटवाघळं, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी बाहेर काढलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते बागेत बसून राहिले. ही आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येतंच, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. जात त्यांनाही चोरावी लागली होती, रडू त्यांनाही आलं होतं. त्या बागेत बसलेल्या माणसाला 'कच्चा' म्हणायची आपली छाती आहे का?

आणि सात वर्षांनी त्या माणसानं काय केलं? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. शिकणाऱ्या पोराच्या डोक्यावर आधी छप्पर, मग उपदेश. 'संघटित व्हा'चा अर्थ मोर्चातली रांग एवढाच असता, तर वसतिगृहं काढायची गरज काय होती?

आम्ही त्या धड्यात नापास झालोय. उदाहरणं लांबची नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं स्वतःचं आयुष्य संपवलं. ज्याच्या आवाजावर सभा उभ्या राहायच्या, तो माणूस शेवटी एकटा होता. ज्या डाव्या कलापथकासाठी तो गायला, त्यानं त्याला आधीच दूर केलं होतं. सुरक्षित राहिलेल्यांनी त्याच्यावर डॉक्युमेंटरी बघितली, हळहळ केली. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. हॉस्टेलमधून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक, शिष्यवृत्ती अडकलेली. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दरवेळी कुठून तरी तेच ऐकू येतं, पोरगा मनानं कमजोर होता, पोरीला ताण सहन झाला नाही. आणि ज्यांनी माणूस एकटा पाडला ते मोकळे सुटतात. माणसाला 'कमजोर' म्हटलं की चौकशीच संपते. म्हणून तो शब्द व्यवस्थेच्या फार उपयोगाचा आहे, आणि तोच आम्ही आपल्या पोराला लावला!

आपली गोवंडी बघा. १९२७ पासून या शहराचा कचरा आपल्या उशाशी येऊन पडतोय. १० बाय १५ च्या खोलीत सात-सात माणसं. एवढ्या गर्दीत माणूस एकटा कसा पडेल, असं बाहेरच्याला वाटतं. पडतो. पोरगं बटन खाऊन नाल्याच्या कडेला पडलेलं असतं आणि आपण त्याला गर्दुल्ला म्हणून ओलांडून जातो. रेल्वेच्या कडेची झोपडी तोडून ज्यांना नटवर पारेख कंपाउंडात, लल्लूभाई कंपाउंडात घर मिळालं, त्यांना पक्क्या भिंती मिळाल्या, पण उंबऱ्यावर बसणारी शेजारीण गेली. आणि आपल्यातले जे शिकून ठाण्या-पवईच्या फ्लॅटमध्ये गेले, त्यांतले काही आजही दारावर नुसती आद्याक्षरं लावतात. त्यांना गद्दार म्हणणं सोपं आहे. बागुलांचा काशिनाथ तसं म्हणत बसला नाही. तो आधी सोडवायला धावला.

कमकुवतपणाची आरती करा असं आमचं म्हणणं नाही. रडगाण्यानं क्रांती होत नाही हे आम्हालाही कळतं. पण रडणाऱ्याला वगळून केलेली क्रांती चार पुढाऱ्यांचीच होते, आणि पुढाऱ्यांचं काय झालं ते आपण बघितलंय.

म्हणून या अंकापासून एवढंच ठरवलंय. दर रविवारी अभ्यासवर्गाची हजेरी घेताना जो आला नाही त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, आणि वर्ग सुटल्यावर दोघांनी त्याच्या घरी जायचं. पुस्तक घेऊन नाही, पत्रक घेऊन नाही. नुसतं जायचं, चहा प्यायचा, तो बोलला तर ऐकायचं. गरज असेल तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जायचं, त्यात लाज कसली?

त्या पोराकडे आम्ही गेलो. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आईनं उघडलं, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. आम्ही तासभर बसलो. निघताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी येणार का?"

येणार गड्या. उशीर आमचा झालाय, तुझा नाही.

जय भीम!